गिनेमची राहिलेली वस्तू

रविवार, ४ ऑगस्ट

काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुःखाने नाही बरं का, आनंदाने. किल्ल्यांचा जुडगा उशाखाली घेऊन पडले होते. कूस बदलली की तो खुळखुळायचा आणि मला हसू यायचं. एवढ्या दारांच्या किल्ल्या माझ्या उशाखाली! आणि परवापर्यंत मी कालिमांतानात ताडाच्या मळ्यावर दुसऱ्याच्या खोलीत राहत होते. पाणी भरायचं तरी विचारून भरायचे.

पंजी पण झोपला नाही. सात महिन्यांचं पोर ते, आधी बोटीत हललं, मग बसमध्ये हललं. त्याला वाटत असेल जमीन अजून हलतेच आहे.

उंगारानला पोचलो तर माझा भाऊ गियोनो आधीच येऊन बसलेला. तेमांगुंगहून मोटरसायकलवर आला, मागे तांदळाचं पोतं बांधून. त्याच्या गाडीचा सायलेन्सर कधीच गेलाय, गल्लीच्या तोंडाशी आला की सगळ्यांना कळतं. त्याने पंख्याची वायर नीट केली, न्हाणीचा नळ बदलला आणि पंजीला खांद्यावर घेऊन सगळ्या दारांवरून फिरवलं. म्हणाला, बघ रे, घरमालक झालास. मग लगेच निघाला. सध्या त्याची तंबाखूची तोड चालू आहे. पानं वेळेत चिरून वाळत घातली नाहीत तर माल काळा पडतो.

ही चाळ माझ्या नवऱ्याच्या आत्याची. तिला सगळे बुदे म्हणतात, बुदे कासिना. तिची एक बाजू लुळी पडली म्हणून लेकीने तिला बेकासीला नेलं. लेकीला चाळ नको होती, म्हणून बुदेने ती प्राप्तोच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नावावर केली. प्राप्तो मळ्यावर ट्रक चालवतो. तिथलं काम संपेपर्यंत त्याला येता येत नाही. तोवर मीच बघायचं. मी घाबरले होते, सहावीत शाळा सोडलेली बाई मी. बुदे म्हणाली, मी तर सही करायला शिकले तीच भाडेकरूंमुळे. रोज चार ओळी लिहीत जा म्हणाली, डोक्यात ठेवलेलं भाडेकरू फिरवतात. म्हणून ही वही.

खोल्या सगळ्या एका ओळीत, पुढे अंगण. सगळ्या खोल्यांत कपड्याच्या कारखान्यातल्या मुली. फक्त शेवटच्या, विहिरीजवळच्या खोलीत जामू विकणारी एक बाई. हळद, आलं, मुळ्या यांचा काढा बाटल्यांत भरते, बाटल्या टोपलीत घालून टोपली पाठीवर बांधते आणि गल्ल्यांतून फिरते. तिला यू गिनेम म्हणतात, यू म्हणजे ताई. पन्नाशीची असेल. काल तिने स्वतःहून अंगण झाडून ठेवलं होतं.

मला सगळं आवडलंय.

बुधवार, ७ ऑगस्ट

बुदे फोनवर बोलून बोलून पाठवते. अर्धी जीभ जड आहे तिची, तरी ऐकू येतं.

खोली द्यायच्या आधी माणसाच्या हातात काय आहे ते बघ म्हणाली. गादी, बादली घेऊन आलेला राहायला येतो, नुसती पिशवी घेऊन आलेला लपायला येतो. ओळखपत्राची झेरॉक्स त्याच दिवशी घ्यायची आणि त्याच दिवशी गल्लीच्या प्रमुखाला द्यायची. नळ, दिवा, कडी त्याच्यासमोर चालवून दाखवायची, म्हणजे नंतर आधीच मोडकं होतं असं म्हणता येत नाही. गळतंय म्हणाला तर उद्यावर टाकायचं नाही. भिंत एकदा भिजली की किती भाडं घेतलं तरी भरून येत नाही. भाडेकरूच्या हातचं खायचं नाही, खाल्लं की तगादा लावताना जीभ उचलत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणाली ते हे. कोणी खोली सोडली की तू आणि तो मिळून रिकामी खोली बघायची, कोपरा न् कोपरा. त्याच्या तोंडून म्हणवून घ्यायचं की माझं इथं काही राहिलं नाही. मगच किल्ली हातात घ्यायची. भांडून गेला तरी हे चुकवायचं नाही.

मी लगेच कामाला लागले. मोठे दिवे काढून लहान लावले. पाहुणा आला तर अंगणात बसवायचा, खोलीत न्यायचा नाही. खोलीत चूल, शेगडी बंद. मुलींची तोंडं बघण्यासारखी झाली. पहिल्या खोलीत विविट नावाची शिलाईवाली आहे, सगळ्यांची पुढारी. ती बादली घेऊन माझ्यासमोरून गेली आणि दुसरीला म्हणाली, हळू श्वास घे गं, नवीन बू त्याचं पण मीटर लावेल. इथं घरमालकिणीला बू म्हणतात. सगळ्या फिदीफिदी हसल्या.

हसा. किल्ल्या माझ्याकडे आहेत.

सोमवार, १२ ऑगस्ट

पंजीचा ताप उतरत नाही. दवाखान्यातल्या बाईने पातळ औषध दिलंय. घेतो आणि ओकतो.

दुपारी प्राप्तोचा फोन आला. ट्रक चिखलात घसरून आडवा झाला. कपाळाला टाके पडलेत. जिवावर बेतलं होतं म्हणाला आणि हसला. मला रडू आलं.

मुलींपैकी एकीनेही विचारलं नाही पोर का रडतं. विविटने दार धाडकन लावलं तेवढं ऐकलं.

आली ती गिनेमच. पंजीच्या पोटावर हात ठेवला आणि जन्म कधीचा विचारलं. मी तारीख सांगितली. तिने बोटांच्या पेरांवर मोजलं. आमच्याकडे सात वारांबरोबर पाच दिवसांचं चक्र पण मोजतात, पोन त्यातला एक, आणि तीच जोडी परत येते पस्तीस दिवसांनी. बुधवार, पोन. मग बापाचा वार विचारला. मला माहीत होता, लग्नात सासूने सांगितलेला. बुधवार, पोन.

गिनेमने पोटावरचा हात काढला. म्हणाली, पोर जन्मल्यावर कोणी बघितलं नाही का हे? कोण बघणार होतं, कालिमांतानात आमच्याजवळ मोठं माणूस होतं कुठे? बाप आणि लेक एकाच वाराचे, एकाच पोनचे असले तर दोघांतला एक हरतो, हे मी लहानपणापासून ऐकलंय. अशा पोराला टाकून द्यावं लागतं. खोटं खोटं टाकायचं. सुपात घालून कचऱ्याच्या जागी ठेवायचं, दुसऱ्या बाईने झाडता झाडता उचलायचं. मग ते तिचं पोर होतं, आणि बापाचा वार त्याला लागत नाही. आईने त्या बाईला नवं बाटिकचं कापड द्यायचं आणि पोर परत घ्यायचं.

आमच्या गावी असं टाकलेलं पोर आहे. आता पोलीस आहे तो.

परवाच बुधवार, पोन आहे. गिनेम म्हणाली, मी उचलीन.

बुधवार, १४ ऑगस्ट

झालं एकदाचं. मुली कामावर गेल्यावर केलं, नाहीतर त्यांनी खिदळून घालवलं असतं. फाटकाजवळ जिथं कचरा साठवतात तिथं सूप ठेवलं, सुपात पंजी. मी मागे न बघता आत गेले. गिनेम खराट्याने झाडत आली, झाडता झाडता थांबली आणि मोठ्याने म्हणाली की अगं बाई, इथं पोर सापडलं, कोणाचं नाही ना, मग माझं.

उचलून माझ्या दारात आली. आता मी कापड द्यायचं होतं. पण नवं कापड होतं कुठे? मी म्हटलं आणून देईन बाजारातून. ती म्हणाली, काही घाई नाही बू. तोवर माझं पोर तुम्ही सांभाळा.

मला हसू आलं. ती हसली नाही.

ताप दुपारीच उतरला. खरंच उतरला. पोटभर दूध प्यायला. प्राप्तोला फोन केला, तो म्हणाला आज डोकं दुखायचं थांबलं.

मंगळवार, २० ऑगस्ट

बुदेला आनंदाने सगळं सांगितलं तर ती ओरडलीच. उचलणारीला पोरं आहेत का, जिवंत आहेत का, हे विचारलंस का म्हणाली. नाही विचारलं. कापड आजच्या आज दे म्हणाली.

आणलं कापड. तपकिरी, चांगलं.

पण द्यायला गेले तर गिनेमच्या खोलीतून धूर. आत शेगडी पेटलेली, भिंत हळदीने पिवळी, छत काळं. मी शेगडी बंद म्हणून सांगितलेलं असताना! बरं, मघाशी मी कपडे धूत असताना तिने पंजीला मला न विचारता उचलून नेलं होतं. तो तिच्या मांडीवर, आणि ती त्याला तेमोन म्हणत होती. तेमोन म्हणजे सापडलेला. मी म्हटलं, त्याला नाव आहे. ती म्हणाली, माझं ठेवलेलं हे आहे. शांतपणे म्हणाली, जसं मी तिचंच काहीतरी मागायला आलेय.

पोराला ओढून घेतलं. कापड दिलं नाही. परत आले आणि रागाने स्वतःच नेसले.

सतरा ऑगस्टला इथला स्वातंत्र्यदिन, त्या झेंड्याच्या जेवणाला मुलींनी मला बोलावलं नाही. माझ्याच अंगणात जेवल्या. भाताचा डोंगर केला, मला ताट नाही.

रविवार, २५ ऑगस्ट

आज गिनेमला काढलं.

आधी दोनदा सांगावं म्हणते बुदे, तसं सांगितलं होतं. शेगडी बंद, पोराला हात नाही. आज परत पंजी सापडला तो तिच्या खोलीत. ती त्याला फडक्यातून काढा पाजत होती. आमच्याकडे पोरांना नाक धरून तोंडात पिळतात, तसा, आणि तो रडत नव्हता. त्याची जीभ पिवळी झालेली आणि तो चाटत होता.

मी काय काय बोलले मला आठवत नाही. तिला तू म्हटलं, एवढ्या मोठ्या बाईला. टोपली अंगणात फेकली, बाटल्या फुटल्या, सगळं अंगण पिवळं. सुट्टी होती, सगळ्या मुली दारात उभ्या. एकही मधे पडली नाही. मला पाडायला मात्र सगळ्या बघत होत्या.

गिनेमने फुटक्या काचा वेचल्या. टोपली पाठीला बांधली. किल्ली माझ्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बू, माझी एक वस्तू इथं राहिलीय. आज नेत नाही. नंतर येऊन नेईन."

मी म्हटलं, "ने की. कधी पण ये आणि ने. तुझं काही मला माझ्या घरात नको."

बरं वाटलं तेव्हा. खोली मिळून बघायची राहिली. पण काय बघायचं, नुसती काजळी. नवीन कुलूप लावलं.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

शेवटची खोली घासली, चुना दिला. हळद चुन्यावर पण फुटते. परत दिला.

एक मुलगी लगेच राहायला आली. गादी, बादली घेऊन आली, चांगली मुलगी. एक दिवस राहिली आणि सामान उचलून गेली. कारखान्यात तिची दुसरी पाळी होती म्हणून दुपारपर्यंत खोलीत होती. म्हणाली, एक बाई सारखं दार वाजवते आणि विचारते, पोराचं आवरून झालं का. मी म्हटलं कसली बाई? ती म्हणाली, तुमच्या इथलीच असेल, हातात खराटा होता.

भाडं बुडवायच्या युक्त्या आहेत ह्या. विविटने शिकवलं असणार.

पंजी दूध पीत नाही. तोंड फिरवतो. पंजी पंजी म्हणून हाक मारली तर बघत पण नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

सकाळी मुली गेल्या की चाळ रिकामी होते. पूर्वी मला हे आवडायचं.

आज भर दुपारी विहिरीकडून कोळशाचा वास. बघितलं. शेवटच्या खोलीला कुलूप तसंच. परत आले तर पंजीची झोळी हलत होती. वारा नव्हता, दोरीवरचे कपडे गप्प लटकलेले. त्याच्या ओठांना पिवळं लागलेलं. बोट लावून चाटलं. कडू.

मुली आल्यावर विविटला धरलं. तूच घुसतेस ना माझ्या खोलीत, पोराला काय पाजतेस? ती पहिल्यांदाच हसली नाही. मग सांगितलं. गिनेमची सगळी मुलं गेलेली. पाळण्यातच गेली, एकामागून एक. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कोणी आपलं पोर तिला उचलू देत नसे. तिने कितीजणींना विचारलं होतं. शेवटी मी दिलं.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? विविट म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत काही? तुम्ही आमचे दिवे तेवढे बघत होता."

आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ह्यांच्यात माणुसकी नाही.

नंतर सहज, अगदी सहज, झोळीकडे तोंड करून तेमोन म्हणून बघितलं. पंजीने लगेच मान वळवली. हसला.

शनिवार, ७ सप्टेंबर

गिनेमची झेरॉक्स प्रमुखाकडे होती. गाव वोनोगिरीकडचं. त्याने तिथल्या प्रमुखाचा नंबर काढून दिला. मी ठरवलं होतं माफी मागायची. कापड धुऊन घडी घालून ठेवलं होतं.

तो माणूस म्हणाला, उशीर केलात. ती बसमधून उतरली तीच तापाने फणफणलेली. दुसऱ्या दिवशी गेली. पुरलं पण. शेवटी एकच बडबडत होती म्हणे, पोर भाड्याच्या खोलीवर राहिलंय, बूने न्यायला सांगितलंय, आणायला जायचंय. गावात सगळ्यांना माहीत, तिला पोर नाही. तापात बोलत असेल म्हणाला.

त्याने विचारलं, तुम्ही कोण? मी फोन ठेवला.

सोमवार, ९ सप्टेंबर

कापड शेवटच्या खोलीच्या कडीला बांधून आले. हात जोडून सांगितलं, यू, घ्या, चुकले, माझं पोर मला द्या.

दुपारी कापड माझ्या उंबऱ्यावर. घडी घातलेलं. वर पिवळी बोटं उमटलेली.

मशिदीतले गुरुजी येऊन वाचून गेले. ते होते तोवर पंजी शांत. ते फाटकाबाहेर पडले आणि विहिरीजवळ खराटा सुरू झाला. खर्र. खर्र. अंगणात कोणी नाही.

बुधवार, ११ सप्टेंबर

बुदेला सगळं सांगितलं. तिने मला ते अंगणातलं बोलणं परत म्हणायला लावलं. मग म्हणाली, शब्द तू दिलास, घरमालकिणीने, अंगणात, सगळ्यांसमोर. ती चोरी करत नाहीये. तिची वस्तू न्यायला येतेय.

मी रडले. बुदे म्हणाली, रडू नको, ऐक. पोराचा वार पुढच्या आठवड्यात परत येईल, बुधवार, पोन, त्या दिवशी ती नेईल. त्याच दिवशी तिच्याआधी परत टाक त्याला. तसंच, सुपात, फाटकाशी. आणि तुझ्या रक्ताच्या माणसाने उचलायचं. ज्याची पोरं धडधाकट आहेत असा. मागे बघू नको. आत जा, दार लाव, तो हाक मारेपर्यंत बाहेर येऊ नको. तू बघितलंस तर टाकलंच नाही असं होतं.

गियोनोची तिन्ही पोरं घोड्यासारखी आहेत.

फोन केला. आधी म्हणाला वेडी झालीस का, माल वाळत पडलाय. मग मी पंजीला फोनजवळ धरलं. पंजीने आवाज काढला. मामा म्हणाला, बुधवारी सकाळी येतो. त्याआधी नाही जमणार, पण येतो.

रविवार, १५ सप्टेंबर

थांबवेना. पंजीला घेतलं, बसमध्ये बसले. म्हटलं भावाकडेच जाते, तिकडेच काय ते.

बावेनच्या पुढे गेलो नाही तोच पोर ताठ झालं. डोळे वर. ओठ निळे. बसमधल्या बायका ओरडल्या. उतरले. रस्त्यात पाणी मारलं, पाठ चोळली. काही नाही. रिक्षा करून परत.

फाटकात पाय टाकला आणि त्याने श्वास घेतला. शेवटच्या खोलीकडे बघून दोन्ही हात पसरले. कडेवर घे म्हणतात तसे. तिकडे कोणी नव्हतं आणि तो हात पसरून हसत होता —

आईकडे नाही पसरत हात.

मंगळवार, १७ सप्टेंबर

आता ती लपत पण नाही. सकाळी मुली गेल्या गेल्या खराटा. माझ्या दारापर्यंत येतो, थांबतो. दाराखालून पिवळं पाणी.

विविटला म्हटलं उद्या कामावर जाऊ नको, माझ्याजवळ थांब. पाया पडले. ती म्हणाली, एक दिवस बुडला तर काढून टाकतात, तुम्ही नाही का काढलंत तिला. मग माझं तोंड बघून थोडी मऊ झाली. म्हणाली, सुटल्याबरोबर धावत येते.

गियोनोला फोन लागला. पहाटे निघतो. फाटकापर्यंत गाडीनेच येईन म्हणाला. आवाज आला की पोर ठेव.

दूध आटलं माझं —

बुधवार, १८ सप्टेंबर

ठेवलं. आत्ताच ठेवलं. गाडी आली, फाटकाशी थांबली, ऐकलं मी. सूप ठेवलं, वळले, मागे नाही बघितलं, आत आले, दार लावलं.

आता तो उचलेल. आता हाक मारेल.

—

हाक नाही अजून. झाडतोय. बुदेने झाडायला सांगितलं असेल.

—

गाडी परत सुरू झाली. गेली. आवाज बारीक होता. सायलेन्सरवाली होती ती. गॅसवाल्याची असेल. गियोनोची नव्हती. गियोनो नाही आला अजून.

मग झाडतंय कोण

—

दार उघडत नाही. बाहेरून कडी. मी लाथा मारल्या. खिडकी मागच्या भिंतीकडे, तिला गज. फोन बाहेरच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला आहे, वाजतोय, ऐकू येतंय वाजतोय, गियोनोच असेल, वाजून थांबला. चाळीत कोणी नाही. मी ओरडतेय, कोणी नाही.

हे पान फाडून दाराखालून सरकवते. विविट, तू आलीस तर तू. नाहीतर जो कोणी असेल तो. माझ्या भावाला फोन करा. गियोनो नाव. नंबर मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलाय, त्याच्या नावापुढे. माझं दार नंतर उघडा. आधी फोन करा.

पंजी रडतोय. आई गं, रडतोय, कितीतरी दिवसांनी रडतोय. माझ्यासाठी रडतोय. आवाज फाटकाबाहेर गेला. गल्लीने वर चाललाय.

फोन करा. तो बावेनच्या रस्त्यानेच येत असेल, गाडीवर, वोनोगिरीला जायचा रस्ता पण तोच. त्याला म्हणावं घरी येऊ नको, तिथेच थांब, रस्त्याकडे बघ. समोरून एक बाई येईल, तिच्या पाठीवर टोपली असेल, तिला जाऊ देऊ नको, टोपलीत —